आमची रोजची भाकर

वाईच्या रिबकाबाई शाळेत मुलींना व्याकरण शिकवायच्या आणि मनुबाई त्यांच्या घरी भाकऱ्या थापायची. त्रेचाळीस साल, लढाईचे दिवस. रेशनवर जोंधळा मिळेना, मनुबाईच्या घरची चूल एक दिवस पेटली तर दुसऱ्या दिवशी थंड.

जेवायच्या आधी रिबकाबाई डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना म्हणायच्या, "हे आमच्या स्वर्गातील पित्या, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." उंबऱ्याशी बसलेली मनुबाईही हात जोडायची. बाई देवाकडं आपल्यासाठीबी मागत्यात, या विचारानं तिला भरून यायचं.

एके दिवशी प्रार्थना आटोपली, तशी मनुबाईनं बाईंच्या देखत दुरडीतली एक भाकर उचलून पदरात बांधली.

"मनू, दिवसाढवळ्या चोरी?"

"चोरी कशी, बाई? तुमीच रोज देवाला म्हणता न्हवं, आमची भाकर आमास्नी दे म्हणून. त्यातलीच माजी घेतली."

रिबकाबाईंनी तिच्या पदराची गाठ सोडली, भाकर परत दुरडीत ठेवली आणि वर्गात समजावतात तशा शांतपणे म्हणाल्या,



"मनू, मी 'आम्हांस' म्हणते. 'आपल्याला' म्हणत नाही."