राजाची कवटी

इरावतीने शेजाऱ्यांच्या पग कुत्र्याचं डोकं कॅलिपरच्या मोजपट्टी-चिमट्यात धरलं. माधवराव नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभे होते, पण मान मात्र जमेल तितकी पुढे काढलेली.

“लांबी-रुंदी जवळजवळ सारखीच की!”

“म्हणून तर हा असा घोरतो. कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याचं डोकं याच्या अगदी उलट, लांब आणि चिंचोळं. अल्सेशियनचं निम्मं डोकं म्हणजे नुसतं नाकाड.”

“आणि नुसत्या कवटीवरून जात कळेल?”

“बराचसा अंदाज येतो, काका. केस फसवतात, हाड सहसा फसवत नाही.”

तळेगावची ही पशुवैद्य मुलगी जातीजातींच्या कुत्र्यांची अंगं-डोकी मोजत लोणावळाभर हिंडते आहे, असं कळताच माधवरावांनीच तिला बोलावलं होतं. त्यांचा राजा देहूरोडच्या एका सुभेदाराने पिल्लू म्हणून दिलेला. अस्सल अल्सेशियन, असं माधवराव सांगायचे. पण त्याचा एक कान कायम पडलेला, म्हणून अख्खी आळी त्याला गावठी म्हणायची आणि ते माधवरावांच्या जिव्हारी लागायचं. गेल्या वर्षी ते दम्याने दवाखान्यात असताना राजा गेला. त्याला परसातल्या फणसाखाली पुरल्याचं घरी आल्यावर त्यांना बायकोने, इंदिराबाईंनी, सांगितलं. आज कवटी निघणार होती आणि राजाची जात एकदाची ठरणार होती.

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” पायरीवर बसलेल्या इंदिराबाई म्हणाल्या. “निजलाय तो बिचारा. कशाला उकरताय?”

“शास्त्रासाठी. भिमाजी, घे कुदळ.”

राजाला पुरलं म्हणे ते याच भिमाजी माळ्याने. तरी तो फणसाभोवती नुसता घुटमळत राहिला. “नेमकं कुटं, ध्यानात न्हाई बगा, आबा. आन् मुरूम बी लय हाय हितं.”

“खण.”

भिमाजी खणू लागला. प्रत्येक घावागणिक तो इंदिराबाईंकडे बघत होता. इरावती ब्रश घेऊन काठाशी उकिडवी बसली. खड्डा गुडघाभर झाला, मग मांडीभर. मुरमाशिवाय काही निघेना.

“एका वर्षात हाडं अशी विरत नाहीत,” इरावती नवलाने म्हणाली. “जागा चुकली असेल.”

“मग सगळं परस खणू,” माधवराव म्हणाले. “फणस पाडावा लागला तरी चालेल. मला माझा राजा पाहिजे.”

“पुरे!” इंदिराबाई उठल्या. “नाही तिथे काही. राजा जिवंत आहे. वडिवळ्याला, भिमाजीच्या बहिणीकडे. डॉक्टर म्हणाले, घरात कुत्रं राहिलं तर दमा तुम्हाला सोडायचा नाही. तुम्ही काही त्याला घराबाहेर काढला नसतात. मग मी काय करणार होते? दर गुरुवारी जाते मी त्याच्याकडे. मांडीवर डोकं ठेवून बसतो.”

भिमाजीने कुदळ खाली ठेवली. इरावती ब्रश झटकून उभी राहिली.

माधवरावांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. ते मुळीच चिडले नव्हते.

“एवढं बोलायला वर्ष लावलंस, इंदिरा.”

“म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, दर गुरुवारी संध्याकाळी तू घरात पाऊल टाकलंस की मला खोकला कशाने येतो?”