माहेरचं माणूस

करमाडच्या फाट्यावरून गाडी डावीकडे वळली आणि शिवम सीटवर सावरून बसला. हा रस्ता त्याच्या आत्याच्या, आवडाबाईच्या शेताचा होता.

"शेठ, इकडं कुठं?"

"मोजणी हाय. तू नुसता उभा राहा," सांडूशेठ म्हणाले. "नेहमीसारखा."

शिवमचं नेहमीचं काम तेच होतं. शेठ शहराच्या कडेकडेनं जमिनी घेऊन प्लॉट पाडायचे आणि शिवम हाताची घडी घालून त्यांच्या मागे उभा राहायचा. कुणाला बोट लावायची वेळ कधी आली नव्हती. वर्षानुवर्षं लोखंड उचलून कमावलेलं ते शरीर पाहिलं की समोरचा माणूस आपसूक मवाळ व्हायचा. शिवमला यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेत सगळे ज्याला काडी म्हणायचे, त्याला आता गुलमंडीतले दुकानदार आधी खुर्ची देत, मग माल दाखवत. गल्लीत टँकर आला की बायका हंडे मागे सरकवून त्याची घागर पुढे लावत. त्याच्याशी थट्टामस्करी करणं मात्र लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. यालाच मान म्हणतात, असं त्याचं पक्कं मत होतं. भोळाच म्हणायचा.

गाडी थांबली. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आसपासच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. आवडाबाईच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, आणि शेजारचं रान घेतलेल्या शेठना तेच हवं होतं. मोजणीच्या नावाखाली बांधाचा दगड आत सरकला की विहीर त्यांच्या हद्दीत येणार होती. दगडाजवळ जेसीबी आधीच येऊन घरघरत उभा होता.

"शेठ, हे रान माझ्या आत्याचं हाय."

"माहीत हाय मला. म्हणून तर आज तुला आणलं."

शिवम खाली उतरला. आवडाबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि तिचा चेहरा फुलला. त्या गावात एकट्या बाईच्या शेताची मोजणी असली की तिच्या माहेरचं माणूस येऊन बांधाच्या दगडापाशी उभं राहतं. बोलायचं काही नसतं. बाई एकटी नाही एवढं चारचौघांना दिसलं की झालं. आवडाबाईच्या माहेरात आता हा भाचा एकटाच उरला होता. तिनं त्याला फोन केला होता. "बघतो," असं तो म्हणाला होता आणि विसरून गेला होता.

"बघ कडूबा, म्हणलं नव्हतं का, येईल म्हणून?" ती शेजाऱ्याला म्हणाली.

शेठच्या वाटेला जाऊ नका, असं कडूबा सकाळपासून तिला समजावत होता. शिवमचे खांदे पाहून त्यानंही मान डोलावली.

आवडाबाई घाईघाईनं झोपडीत गेली आणि दुधाचा पेला घेऊन आली. शिवम व्यायामाला लागला तेव्हापासून तिच्या म्हशीचं दूध रोज दूधवाल्याच्या गाडीनं त्याच्याकडे जायचं. यंदा चारा नाही म्हणून गावानं जनावरं विकली. तिनं ती एक म्हैस राखली, ती याच्यासाठी. आज शेठच्या मागे उभ्या असलेल्या त्या देहात निम्मी कमाई तिची होती.

"किती वाळलास रं," ती म्हणाली. "पी आधी. मंग इकडं दगडापाशी येऊन उभा राहा. बाकी काय करू नको."

शिवमनं पेला हातात घेतला.

"शिवम," मागून शेठ म्हणाले. एवढंच. आवाजही चढवला नाही.

शेठ त्याला सिडकोत जिम काढून देणार होते. दारावरच्या बोर्डावर त्याचा फोटो लागणार होता. शेठनी हात काढून घेतला तर आपण पुन्हा काडी, असं त्याच्या मनात आलं. दगड दहा पावलांवर होता. त्यानं दूध न पिता पेला आत्याच्या हातात परत दिला.

आवडाबाईनं एकदा शेठच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. पेला तिनं जपून कडूबाजवळ दिला. मग चालत गेली आणि स्वतःच दगडावर जाऊन बसली.

"मावशी, उठा," शेठ म्हणाले. "जेसीबी आंधळा असतो."

ती हलली नाही.

"उचल तिला," शेठनी शिवमला सांगितलं.

असं कधी ठरलं नव्हतं. नुसतं उभं राहायचं ठरलं होतं. शिवमला नाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. सवयीनं तो गुडघ्यांत वाकला, पाठ सरळ ठेवली, श्वास भरून घेतला आणि तिला उचललं. एवढा जोर लावायची काही गरज नव्हती. तिला वजनच नव्हतं.

तिनं हातपाय झाडले नाहीत. शिव्याशाप दिले नाहीत. त्याच्या खांद्यावरून ती नुसती रस्त्याकडे पाहत राहिली. मागे जेसीबीनं तोंड वळवलं.

कडूबाला राहवलं नाही. "आवडाबाई, अवं ह्यो तुमचाच भाचा ना?"

"नाय रं," ती म्हणाली. "त्यो यायचाय अजून. तू रस्त्यावर नजर ठेव."