कॅप्टन हॉलिसचे अखेरचे शब्द

फाशीची गाडी माळावर पोचली तेव्हा कॅप्टन हॉलिस स्वतःच्याच शवपेटीवर बसून जांभया देत होता.

गर्दीने फुलं फेकली. पोरी किंचाळल्या. वाटमाऱ्या असला म्हणून काय झालं, पांढरे हातमोजे घालणारा वाटमाऱ्या होता तो! बायकांच्या वस्तूंना तो हात लावत नाही, चुकून एखादी घेतलीच तर कमरेत वाकून परत करतो, असं त्याच्यावरचं गाणं सांगत होतं. नॅन टकी तेच गाणं छापलेले कागद ओरडून विकत होती. कागदाच्या मागच्या बाजूला त्याचे ‘मरतानाचे अखेरचे शब्द’ही छापलेले होते. तो अजून मेला नव्हता, बोललाही नव्हता. शाई मात्र वाळली होती.

गाडीच्या चाकाला धरून डॉर्कस पिम उभी होती. मोलकरीण. ती मालकिणीचं चांदीचं घड्याळ दुरुस्तीला नेत असताना हॉलिसने वाटेत तिला गाठून ते हिसकावलं होतं. पण मालकीणबाईंना ते गाणं तोंडपाठ. कॅप्टनने घड्याळ परत दिलं असणारच, मग गेलं कुठे? आज त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं नाही, तर उद्या डॉर्कस न्यायाधीशासमोर. आणि मालकाची चांदी चोरणाऱ्या मोलकरणीला हाच माळ, हाच दोर.

खात्री करून घ्यायला मालकीणबाईंनी कारभारी लिजेटना सोबत पाठवलं होतं.

“तो स्वतः बोलला तर मी तसं बाईंना सांगेन,” लिजेट म्हणाले. “माझं तुझं काही वाकडं नाही.”

डॉर्कस टाचा उंचावून म्हणाली, “कॅप्टनसाहेब, ओळखलंत मला? पवनचक्कीचा उतार. निळी फीत बांधलेलं घड्याळ.”

हॉलिसने मान वळवली. गाण्यातल्यापेक्षा तो बराच म्हातारा होता.

“चावणारी ती तूच काय?”

“हो.”

“काय दात गं तुझे! अंगठा अजून ठणकतोय.”

“तेवढं सांगा ना सगळ्यांना. तुम्हाला आता काय फरक पडतो?”

तो गर्दीकडे बघत राहिला. “यांना ऐकायचंय का पण? आठ दिवस झाले, कोठडीत बायका येतात आणि म्हणतात, कॅप्टन, ते चांदण्यातल्या नाचाचं सांगा. मी जन्मात नाचलेलो नाही. गुडघा दुखतो माझा.”

“साहेब, मला फाशी देतील हो.”

“बरं, बरं. रडू नकोस. सांगतो.” त्याने पुन्हा जांभई दिली. “मलाही कंटाळा आलाय त्या गाण्यातल्या माणसाचा.”

पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. जल्लादाने दोर गळ्यात अडकवला. हॉलिस एक गुडघा धरत उभा राहिला, आणि सगळा माळ चिडीचूप झाला.

“ही खाली उभी आहे ना, ती पोर खरं बोलतेय,” तो म्हणाला. “घड्याळ मी घेतलं. दुसऱ्या दिवशी विकलं आणि त्याची दारू प्यालो. ती सोडेना, म्हणून पिस्तुलाचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. वाकलोबिकलो नाही. एवढंच सांगायचं होतं.”

डॉर्कसने चाकावर डोकं टेकलं. सुटले, ती पुटपुटली. सुटले.

मागून कुणीतरी हुंदका दिला.

“ऐकलंत? त्या पोरीची चोरी स्वतःच्या अंगावर घेतली त्यानं!”

“अगं बाई! मरताना, देवासमोर खोटं बोलला!”

“आणि तेही एका मोलकरणीसाठी! याला म्हणतात खानदानी!”

“प्रेम असणार गं दोघांचं. त्याशिवाय कोण असं करतं?”

माळभर पुरुषांच्या टोप्या उतरल्या. नॅन टकीने विक्री थांबवली होती. डोळे मिटून ती बोटांवर नवं कडवं जुळवत होती, आणि त्यात एक चुंबन आलेलं होतं.

“अरे ए मूर्खांनो!” हॉलिस ओरडला. “मी खरंच...”

जल्लादाला घाई होती. त्याने हॉलिसच्या तोंडावर फाशीची टोपी ओढली, घोड्याला चाबूक मारला, आणि गाडी पायांखालून निघून गेली.

डॉर्कस लिजेटकडे वळली. ते रुमालाने डोळे टिपत होते.

“साहेब, तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं,” लिजेट म्हणाले. “काय माणूस होता! आणि तू? त्याला खोटं बोलून मरायला लावलंस. देवाला काय तोंड दाखवेल तो आता?” त्यांनी तिचा दंड धरला. “चल.”

पण चालता येईना. बायकांनी तिला गराडा घातला होता. कुणी तिच्या शालीला हात लावत होतं, कुणी केसांना.

“थांबा हो साहेब, बघू तर द्या जरा!” फुलांची रिकामी परडी घेतलेली एक बाई पुढे घुसली. “ए, सांग ना गं, कुठे घेतलं त्यानं चुंबन? या गालावर की त्या?”

डॉर्कसमध्ये नाही म्हणण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, बोटाने ओठ बाजूला ओढला आणि डावीकडचे तीन दात पडलेली जागा त्या बाईला दाखवली.

बाईने डोळे बारीक करून आत नीट पाहिलं.

“इथं तर काहीच नाही,” ती म्हणाली.