हजला निघालेला भाऊ

हजला निघालेला बेकिर रिवाजाप्रमाणे घरोघरी माफी मागत सगळ्यांत शेवटी थोरल्या बहिणीच्या दारी आला. झेलिहा छपरावर जर्दाळू वाळत घालत होती, ती लगबगीनं खाली उतरली.

"कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर, ताई. कयामतीच्या दिवशी तुझे हात माझ्या गळपट्टीला नकोत. इथं माफ झालं की तिथं विचारणा नाही."

"लबाडा, लहानपणी माझ्या वाटचा मध चाटलास, त्याची माफी होय?" तिनं हसत त्याचं कपाळ चुंबलं. "जा, सगळं माफ!"

"असं नको. चार माणसांसमोर तीनदा म्हण."

निरोपाला जमलेल्या शेजाऱ्यांसमोर भरल्या डोळ्यांनी ती तीनदा म्हणाली.

यात्रेकरूंची बस वळणाआड गेली, तशी शेजारीण जवळ आली. "धन्य आहे बाई तुझी! आईनं तुझ्या नावची ठेवलेली बाग त्यानं परवा विकली, नवा मालक कुंपण घालतोय, आणि तू माफही केलंस?"

झेलिहा उंबऱ्यावरच बसली. बाग गेल्याचं दुःख तिनं गिळलंही असतं. पण नाडलेल्या माणसासाठी अल्लाहनं न्यायाचा एक शेवटचा दिवस राखून ठेवलेला असतो. तोसुद्धा भाऊ तिच्याकडून मागून घेऊन गेला होता.