सर्जेराव बारीक का झाले

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले. दुर्गाबाई जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्याच्या पोटात काय दडलंय, ते आज त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघणारच होत्या.

सर्जेराव टेबलावर पोट धरून कण्हत होते. कालपासून उलट्या थांबत नव्हत्या. वडीगोद्रीला हायवेवर भज्यांचं हॉटेल चालवणारा हा माणूस. पहिला घाणा गिऱ्हाइकाआधी याच्याच तोंडात पडायचा. दिवाळीनंतर काम आहे म्हणून मुंबईला गेला आणि परत आला तो अर्ध्या भाकरीवरच ताट सारू लागला. सदरे ढगळ झाले. बटाट्यांचा वजनकाटा रिकामा दिसला की हा आपला चोरून त्यावर उभा! दुर्गाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

चुकचुकणारच. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. औरंगाबादला जायचं, मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं आणि पुढच्या खेपेपर्यंत जगायचं, असं चाललं होतं. किडनी द्यायला ना भाऊ पुढे आले, ना बहिणी. सर्जेरावांनी तर विषयच काढला नाही. बायको अशी मरणाच्या दारात आणि नवरा गुपचूप बारीक होतोय, याचा अर्थ गावाला वेगळा सांगावा लागत नाही. शेजारच्या कांताबाईनं तर तोंडावरच सांगितलं होतं, "दुर्गाबाई, गड्यानं गुडघ्याला बाशिंग बांधलं गं!" दुर्गाबाईंना ते फार लागलं, कारण ते पटलं होतं.

डॉक्टर पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवत होते. एका जागी थांबले. पुन्हा फिरवलं.

"वजन उतरवायला पोटात फुगा बसवून घेतलाय का तुम्ही?"

सर्जेरावांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली.

"तो फुटलाय. जठरातून खाली सरकून आतड्यात अडकलाय. आजच्या आज ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर जिवावर बेतेल."

दुर्गाबाईंचा इतके दिवस दाबून ठेवलेला संताप उसळला. नवरा मरणाच्या वेदनेत आहे, हेही त्या क्षणी त्यांना दिसलं नाही.

"फुगा? पोटात फुगा घालून नवरदेव व्हाया निघाले व्हय तुम्ही? माझ्या पिंडाला कावळा तरी शिवू द्यायचा! कोण हाय ती? बोला ना, कोण हाय?"

सर्जेराव बायकोकडे बघेनात. त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"साहेब, ऑपरेशनचं मंग बघू. आधी त्या मशीननं माझ्या किडन्या बघा. लठ्ठ माणसाची घेत न्हाईत, म्हणून तर ह्यो फुगा बसवला. बराबर हायेत ना दोन्ही? एक हिला द्यायचीय."