सहा तुकड्यांचा शब्द

ग्रोनिंगनच्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या कुंदाची पुढच्या आठवड्यात डच भाषेची परीक्षा होती. नापास झाली तर नोकरी जाणार होती. म्हणून दुपारी ती हेन्नी आजींच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचायची. पक्षाघातात आजींची वाचा गेली होती. त्या नुसत्या ऐकायच्या.

आज बटाटे सोलायच्या सुरीचा शब्द आला. तो इतका लांब, की कुंदाने पेन्सिलीने त्याचे सहा तुकडे पाडले.

"आर्ड-आप-पेल-शिल-मेस-ये."

आजींनी नाही म्हणून मान हलवली. चौथ्या तुकड्यावर टकटक केलं. त्यांचे ओठ थरथरले.

"स्खिल."

"आजी, तुम्ही बोललात!" कुंदा मराठीतच ओरडली.

"स्खिल!" आजी चिडल्या.

कुंदाने डोळे पुसत बरोबर उच्चार केला. आजी समाधानाने हसल्या आणि त्यांनी पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.