सरी, सरी

धाकटा भाऊ जयतीर्थ गेल्याला वर्ष झालं आणि आईनं त्याचं गाणं ऐकायचा हट्ट धरला. बसवनगुडीतल्या आमच्या बँडची ती एकुलती एक टेप, सदुसष्ट सालची. मला ती पुसवतही नव्हती, ऐकवतही नव्हती. गिटार त्याची, अ‍ॅम्प्लिफायर मी घरी जुळवलेला. वाजवता वाजवता शॉक बसून तो गेला, तेव्हा मला न विचारताच त्यानं बटण दाबलं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. "गाणं पुढं आहे, आई. तिथूनच लावतो." "नको. पहिल्यापासून लाव." खरखर झाली, कुणीतरी हसलं, मग त्याचा आवाज आला, "अण्णा, अर्थिंग जोडलंस ना?" पाठोपाठ माझा, घाईतला कानडी होकार, "सरी, सरी. तू वाजव." गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात तुटलं. रिकामी टेप फिरत राहिली. एरवी मला अण्णाच म्हणणारी आई माझं नाव घेऊन म्हणाली, "हयवदना, परत लाव."